बोटानं थांबेल ती बोट

इंजिन बंद केलं, तरी बोट थांबत का नाही?

सकाळपासून चौथ्यांदा मी हा प्रश्न विचारला होता आणि चारही वेळा उत्तर धक्क्यानंच दिलं होतं. धाड्!

समुद्र वर चढून आल्यापासून आमच्या गावची सातवीची शाळा खाडीत तरंगते. तिथे जायचं तर मोटरबोट एकटीनं धक्क्याला लावून दाखवायची, नाहीतर वर्षभर पुन्हा सहावीतच बसायचं. दोन परीक्षांत मी नापास झाले होते. तिसरी, शेवटची, आज दुपारी होती. माझी मैत्रीण रेश्मा पहिल्याच फटक्यात पास झाली होती. तिच्याशिवाय पुन्हा सहावीत बसायची माझी मुळीच तयारी नव्हती.

सरावाला शिकवायला सोबत होता काटकोन, शाळेचा नवा यंत्रमानव. घाटावरून आलेला. शब्दकोश तोंडपाठ, पण समुद्र कालच पाहिलेला.

"ब्रेक दाबावा," तो म्हणाला.

"बोटीला ब्रेक नसतो रे!"

"मग चाके अडवावीत."

"चाकंही नसतात!"

"मग मीही गोंधळलो आहे," तो प्रामाणिकपणे म्हणाला. झालं! शिकणारी गोंधळलेली, शिकवणाराही गोंधळलेला.

आम्ही पाचव्यांदा निघालो. धक्का जवळ येताच मी इंजिन बंद केलं. बोट आपली चाललीच. धक्क्यावरून आमच्या परीक्षक खोबरेकरबाई ओरडल्या, "अगो जुई, बोट लाव धक्क्याक! आपटू नको!"

काटकोननं आज्ञा ऐकली. तो नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) गेला आणि स्वतःचं पोलादी बोट धक्क्याला लावायला पुढे केलं. कडाक्! ते पार उलटं वाकलं.

"अरे शहाण्या, ते बोट नव्हे, ही बोट!"

"शब्द तर एकच आहे," वाकडं बोट निरखत तो म्हणाला. मग त्याचे डोळे लुकलुकले. "पण आता मला समजले. सायकल मारायची थांबवली की ती का थांबते?"

"रस्त्याला चाकं घासतात म्हणून."

"ते घर्षण (घासण्यामुळे होणारा अडथळा). पाणी तेवढे अडवत नाही. इंजिन बंद केले तरी बोटीचा संवेग (वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार) उरतोच. वस्तुमान आठशे किलो, ते आपल्याला कमी करता येणार नाही."

"मग वेग कमी करायचा! आधीपासूनच!"

"होय. आणि उरलेला वेग मारायला उलटा गिअर. पण इंजिन बंद असेल तर..."

"...तर मागे ओढणार कोण!" मी कपाळावर हात मारला. सकाळपासून मी इंजिन बंद करत होते आणि वर बोटीलाच दोष देत होते.

"पण वेग किती कमी करायचा?"

"माझे दुसरे बोट वाकणार नाही, इतका."

दुपारी बोटीत मी एकटीच होते. काटकोन धक्क्याच्या कडेला दुसरं बोट पुढे करून उभा राहिला. "यंत्राचा ठीक आसा," बाई सगळ्या पोरांना दटावत होत्या, "माणसान हात मधी घालूचो नाय हां!"

इंजिन चालूच ठेवून लांबूनच मी गिअर मोकळा केला. बोट इतकी सावकाश सरकू लागली की धक्क्यावरून रेश्मा ओरडली, "निजलंस काय गो?" मी मात्र वेग वाढवला नाही. धक्का अगदी जवळ आला. उलटा गिअर, क्षणभरच! मागे पाणी खळबळलं.

टक्.

काटकोनचं बोट सरळच होतं.

"सोमवारपासून सातवीत!" बाई म्हणाल्या. रेश्मानं दोर झेलला आणि मला रडूच फुटलं.

"अंतराळस्थानकाजवळ तर अडवायला पाणीही नसते," काटकोन म्हणाला. "तिथेही यान असेच हळू लावावे लागते."

"मग तेही लावीन मी एक दिवस," मी नाक पुसत म्हणाले.

बाईंनी त्याला नवं बोट बसवून द्यायचं कबूल केलं. पण वाकडं बोट तो काढू देईना.

"राहू द्या," तो म्हणाला. "पुढच्या मुलांना शिकवताना हेच दाखवावे लागेल."