पांढऱ्या ठिपक्यांच्या विटा

"हळू! वीट आहे ती, उशी नाही!" मौनीचे बाबा हमालांना म्हणाले.

भट्टीचं दार उघडलं होतं. ते एकेक वीट बोटाने वाजवून बघत होते. टण्ण! टण्ण! आच किती आणि किती वेळ द्यायची, हे कारखान्यात तेच ठरवायचे. सुट्टी लागली की मौनी, तिचा आतेभाऊ भोंगा आणि मैत्रीण शंका यांचा मुक्काम इथेच. ही टोपणनावं शाळेतली. मौनी बोलायची नाही, भोंगा थांबायचा नाही आणि शंकेचं कशाने समाधान व्हायचं नाही.

"छान भाजल्यात," बाबा म्हणाले. ट्रक भरला, सगळ्यांनी चहा घेतला आणि जो तो घरी गेला.

त्याच आठवड्यात ट्रक परत आला. विटांवर जिकडेतिकडे खड्डे! जणू कुणी आतून ढुशा मारून त्यांचे टवके उडवले होते. मागोमाग घरं बांधणारा बिल्डर तणतणत आला.

"आच कमी पडली!" मॅनेजर बाबांवर ओरडले.

"आच बरोबर होती."

"मग विटा काय हौसेने फुटल्या?"

बाबांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि घरी येऊन म्हणाले, "लांबच्या एका भट्टीवर माणूस हवाय. रविवारी निघतो. सुट्टी मिळेल तेव्हा येत जाईन."

आईने बॅग काढली. मौनी दाराला टेकून बघत राहिली.

"अगं, बोल ना काहीतरी!" भोंगा कुजबुजला. त्याचं कुजबुजणंही शेजारी ऐकू गेलं. मौनीने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी तिघं फुटक्या विटांच्या ढिगापाशी बसली.

"हे बघा!" शंका म्हणाली. "प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. एकही खड्डा त्याच्याशिवाय नाही."

ती वीट घेऊन तिघं मॅनेजरांकडे धावली. त्यांनी फोनवरून मानही वर केली नाही. "मीठ असेल. जा, खेळा बाहेर!"

"खेळा म्हणे!" भोंगा धुसफुसला. "चला, माती कुठून येते ते बघू."

खाणीत पोकलेन थांबला होता. चालककाका सावलीत बसले होते. "वरची लाल माती संपली रे," ते म्हणाले. "शेजारची जागा साफ करायला वेळ जातो. मॅनेजर म्हणाले, इथेच खाली जा. गेलो."

खणलेल्या भिंतीत वर लाल माती होती आणि तिच्याखाली पांढरट थर. थरात बोटाएवढ्या दगडी नळ्याच नळ्या!

"हाडं!" भोंगा किंचाळला.

"हाडांना फाटे फुटतात?" शंकेने विचारलं. खरंच, नळ्यांना खाली जाता जाता फाटे फुटत होते आणि त्या बारीक होत होत्या. मधे आरपार भोक होतं.

मौनी मात्र वर बघत होती. कडेच्या झुडपाचं एक जिवंत मूळ भिंतीतून लोंबत होतं आणि त्याच्यावर पातळ पांढरं कवच चढलं होतं. तिने ते खरवडलं. शंकेने डब्यातली लिंबाची फोड पिळली. फस्स! बुडबुडे!

मग नळीवर पिळली. तिथेही फस्स!

"चुनखडी!" शंका ओरडली. "वर्गात केला होता की हा प्रयोग! पण मुळाला ती लावली कुणी?"

"ऑफिसातल्या किटलीला कोण लावतं?" मौनी म्हणाली.

दोघं चकित होऊन तिच्याकडे बघायला लागली.

"पाणी उडून जातं, पांढरा थर राहतो. इथे पाणी मुळं पितात. पाण्यात विरघळलेला चुना आत जातो थोडाच, बराचसा बाहेरच साचतो. मूळ कुजतं, नळी उरते."

"आणि एकावर एक अशी हजारो वर्षं झाडं उगवली तर..." शंका पुटपुटली, "अख्खा थर! आपण जुन्या जंगलाच्या जमिनीवर उभे आहोत!"

"आणि आपण ते जंगल भट्टीत घालतोय!" भोंगा म्हणाला. "चुनखडी भाजली की होते चुनकळी. तिला ओल लागली की ती फुगते. वीट फुटणार नाही तर काय होणार?"

ऑफिसात जाऊन हे सांगितल्यावर मॅनेजर खो खो हसले. "आता झाडं विटा फोडायला लागली का?"

तिघांनी एकाच भट्टीतल्या दोन न फुटलेल्या विटा शोधल्या, एक ठिपक्यांची आणि एक बिनठिपक्यांची. दोन्ही बादलीत भिजवून मॅनेजरांच्या दाराशी ठेवल्या. जेवून आल्यावर त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं.

"कुठे फुटलीय? उचला ही बादली, पाय अडकतो!"

"मोठ्यांना थोडासा धीर का नसतो?" शंकेच्या डोळ्यांत पाणी आलं. मौनीने दात-ओठ खात बादली भिंतीआड सरकवली.

रविवारी सकाळी ठिपक्यांच्या विटेचे टवके उडून बादलीच्या तळाशी गाळ झाला होता. दुसरी वीट जशीच्या तशी! भोंग्याने बिल्डरलाच हाताला धरून आणलं.

"एकाच भट्टीतल्या?" बिल्डरने विचारलं. "मग आच कशी चुकली, मॅनेजर?"

मॅनेजरांचा चेहरा उतरला. "खाली खणायला मीच सांगितलं होतं," ते कसेबसे म्हणाले. "शाबास रे पोरांनो! शास्त्रज्ञच आहात!" म्हणत बिल्डरने पाठी थोपटल्या. फोटो निघाले.

"आणि बाबा?" मौनीने विचारलं.

"हो, हो! उद्या करतो फोन त्यांना," मॅनेजर म्हणाले.

उद्या! मौनी धावत सुटली.

स्टँडवर बस लागली होती. तिने धापा टाकत सगळं सांगितलं. बाबांचे डोळे चमकले. "म्हणजे आच बरोबर होती! शाबास गं पोरी." मग त्यांनी बॅग उचलली. "पण तिकडे कबूल केलंय. आणि इथे थांबा म्हणून कोणीच म्हटलं नाही."

त्यांनी पायरीवर पाय ठेवला. कंडक्टरने घंटी वाजवली.

"बाबा," मौनीचा आवाज फुटला, "जाऊ नका."

बाबांनी पाय खाली घेतला. "काय म्हणालीस?"

या वेळी ती अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "जाऊ नका, बाबा! मला तुम्ही घरी हवे आहात!"