पाल्य कुठे आहे?

“चुकतंय तुमचं,” मागच्या रांगेतून आवाज आला. “तिथे भौतिकशास्त्र सक्तीचं नाही. तळटीप वाचा.”

माईक हातात धरून उभी असलेली ती गर्रकन वळली. ती दातांची डॉक्टर होती. दिवसभर तिच्यासमोर माणसं तोंड उघडून पडलेली असायची, पण उलट उत्तर देण्याच्या अवस्थेत एकही नसायचं. त्यामुळे कुणी चूक काढली की काय करायचं, याची सवयच राहिली नव्हती. वास्तुकलेच्या प्रवेशाला कुठल्या विद्यापीठात काय काय लागतं, हे ती व्यासपीठावरच्या प्राध्यापकांना चांगलं फैलावर घेऊन सांगत होती, आणि मध्येच हा!

“तळटीप मुंगीएवढी आहे,” ती म्हणाली.

“माझं चष्म्याचं दुकान आहे. मी मुंग्याच वाचतो.”

सभागृहातले पालक हसले. तिच्या शेजारी कानांत इअरफोनची बोंडं खुपसून बसलेली भाची हसली नाही, कारण तिला काही ऐकूच येत नव्हतं. चष्मेवाल्याच्या शेजारी त्याचा पुतण्याही तसाच बसला होता. ‘तू शिकलेली आहेस, तूच बघ बाई,’ असं म्हणून ताईने तिच्यावर ही जबाबदारी ढकलली होती. तिकडे चष्मेवाल्याच्या दादानेही तेच केलं होतं. घरातल्या बिनलग्नाच्या माणसाला वेळच वेळ असतो, याबाबत जगभरच्या थोरल्या भावंडांचं एकमत असतं.

बाहेर पडताना एक स्वयंसेवक म्हणाला, “काकू, तुमची आणि काकांची छत्री इथे राहिली.”

“हे काका माझे कुणी नाहीत,” ती म्हणाली. “छत्री माझी आहे.”

पुढच्या शनिवारी दुसऱ्या विद्यापीठाच्या माहितीसत्रात तो पुन्हा दिसला. त्याच्या पुढच्या शनिवारी तिसऱ्या. मुलं कुठेतरी पायरीवर मोबाईल बघत बसायची आणि ही दोघं कॅन्टीनच्या कोपऱ्यात कॉफी गार करत बसायची. इथे चित्रकलेची चाचणी आहे, तिथे नाही. तिथे मुलाखत आहे, इथे नुसता निबंध. त्यावरून भांडणंही व्हायची.

“स्वतःबद्दल दोन पानं लिहा म्हणे,” ती करवादली. “बारावीच्या पोरांना स्वतःबद्दल दोन पानं कुठून सुचणार?”

“तुम्हाला सुचतील?”

“मला? अक्कलदाढेबद्दल सुचतील.”

“मग मुलाखतच बरी,” तो म्हणाला आणि प्राध्यापकी घसा खाकरून चष्म्यावरून तिच्याकडे बघू लागला. “बोला. आमच्याकडेच का यावंसं वाटलं?”

ती हसायला गेली… आणि हसू मध्येच कुठेतरी अडकलं. कपात कॉफी संपली होती, तरी तिने एक घोट घेतला.

“अनुत्तीर्ण,” तो हळूच म्हणाला.

“विचार करतेय,” ती म्हणाली. “वेळ देतात की नाही?”

बुधवारी दोन पेशंटच्या मध्ये भाचीचा फोन आला.

“मावशी, झालं! घराजवळच्याच कॉलेजात घेतली अ‍ॅडमिशन. चालत जाता येतं, आणि मैत्रिणीपण तिथेच आहेत.”

“अगं, पण आपली तुलना—”

“मस्त केलीस हां तू तुलना,” भाची म्हणाली. लहान मुलाने भिंतीवर काढलेल्या हत्तीला आपण म्हणतो ना, तस्सं.

फोन ठेवून ती पेशंटच्याच खुर्चीत बसली. आनंद व्हायला हवा होता. पण आता शनिवारी जायचं कशाला? त्याचा नंबर तिने कधी मागितला नव्हता. भेट होतच होती, मग नंबर मागायचा म्हणजे उगाच काहीतरी वाटायचं… त्याला नाही, स्वतःलाच. दात काढला की जीभ सारखी त्या रिकाम्या जागेतच जाते, हे ती पेशंटना रोज समजावून सांगायची. स्वतःला त्याची प्रचिती पहिल्यांदाच आली. जीभ आपली शनिवारकडे.

शनिवारी ती चौथ्या विद्यापीठाच्या फाटकाशी उभी होती. एकटीच. तोही एकटाच आला, थोडा धापा टाकत.

“भाची?”

“सर्दी झालीय. तुमचा पुतण्या?”

“पाय मुरगळला.”

“अरेरे.”

“हो ना. वाफ घ्यायला सांगा.”

“तुम्हीही शेक द्या.”

दोघांनी एकमेकांच्या आजाऱ्यांची इतकी चौकशी केली की, खरे आजारी असते तर बरे होऊन घरी गेले असते. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक विद्यार्थिनी आली.

“यंदा मुलांशिवाय पालकांना आत सोडत नाही आम्ही. मागच्या वर्षी नुसते पालकच आले होते. काका, काकू, पाल्य कुठे आहे?”

एक खोटं तयार होतं तिच्याकडे. ते ती बोलणारही होती. पण मग आत जाऊन काय? आणि पाचव्या विद्यापीठानंतर काय?

“पाल्य नाही,” ती म्हणाली. कान तापले होते. “भाचीची अ‍ॅडमिशन झालीय. बुधवारीच.”

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पुतण्याचीही झालीय. दोन आठवड्यांपासून होस्टेलवर आहे.”

“दोन? म्हणजे मागच्या शनिवारी तो पायरीवर बसला होता तो…”

“शनिवार-रविवारचा घरी आला होता. वडापाव खायला घालतो म्हणून बसवलं होतं.”

“आणि मुलाखतीच्या अटीवरून माझ्याशी एवढं भांडलात ते?”

“ते तत्त्वाचं भांडण होतं.”

ती हसली. या वेळी हसू कुठेच अडकलं नाही. विद्यार्थिनी मात्र चक्रावली होती.

“मग पाहुणे म्हणून सोडते. पण तुम्ही एकमेकांचे कोण?”

“अजून ठरायचंय,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “तुलना चालू आहे.”

“माझी संपली,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी. तळटिपेसकट.”

पुढे तासभर त्या मुलीने त्यांना वर्ग, ग्रंथालय, चित्रशाळा असं सगळं दाखवलं. शेवटी तिने विचारलं, “काका, काकू, प्रवेशाबद्दल काही शंका?”

चार विद्यापीठांत मिळून पहिल्यांदाच दोघांपैकी कुणालाही एकही शंका नव्हती. ‘काका, काकू’लासुद्धा कुणी हरकत घेतली नाही.