समोरच्याने फोन ठेवल्याशिवाय

तुम्हाला पटो न पटो, मी पटवायला बसलेली नाही. पण यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. हे माझ्या घरात घडलंय, माझ्या आईसमोर. आई अजून आहे. तिला विचारायला गेलात तर ती तुम्हाला दारातूनच हाकलेल, ते वेगळं.

आमच्या चिनी नववर्षाच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. जागा, पूर्व चीनमधल्या रुशानचा किनारा.

हा किनारा उन्हाळ्यात बघावा. हिवाळ्यात इथे काही नसतं. समुद्राकडे तोंड करून उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत आणि आत माणूस नाही. लोकांनी सुट्टीसाठी घरं घेतली आणि कुलूप लावून विसरून गेले. आमच्या इमारतीत थंडीत दोनच दारं उघडायची. नवव्या मजल्यावर मी आणि आई. तळमजल्यावर जियांग मावशी, त्या वाफवलेले पाव करून विकतात.

मी त्सोंग युनशिया. तेव्हा पाणी तापवायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचे तक्रारींचे फोन घरी बसून घ्यायचे. त्याआधी चिंगदाओ शहरात ऑफिसला जायचे. मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय ओढत चालायला लागली. तिला सांभाळून करता येईल अशी हीच नोकरी मिळाली आणि परवडेल असं हेच घर मिळालं.

माझं दुसरं कोणी नाही. नवरा नाही, भाऊ नाही. रोज सकाळी डोळे उघडले की मी आधी आईचा श्वास ऐकायचे, मग उठायचे. आई जाईल, ही एकच भीती मला होती. त्या भीतीपुढे बाकी सगळं सोपं होतं.

नोकरीत दोन गोष्टी मोडायच्या नाहीत. घंटी वाजली की लगेच उचलायचं. आणि समोरच्याने फोन ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. तो शिव्या देऊ दे, रडू दे, घोरायला लागू दे.

बाबा मासेमार होते. मी शाळेत असताना त्यांची बोट गेली. प्रेतही सापडलं नाही. गावातल्या त्यांच्या थडग्यात फक्त एक कोट पुरलाय.

आमच्याकडे वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावून आणतात. घरातला पुरुष उदबत्त्या घेऊन जातो, हाक मारतो आणि त्यांना घरी घेऊन येतो. मग उंबरठ्यावर काठी आडवी ठेवायची, म्हणजे पाहुणे निघून जात नाहीत. दोन दिवस त्यांनी घरी राहायचं, जेवायचं. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काठी उचलून त्यांना वाटेला लावायचं.

आमच्या घरात पुरुष नव्हता, म्हणून इतकी वर्षं बाबांना कोणी बोलावलंच नव्हतं.

त्या दिवशी आईने हट्ट धरला.

"आता समुद्र दाराशी आहे. जा, बोलावून आण त्यांना."

"आई, माझी ड्यूटी आहे. आणि बायका जात नाहीत, तूच सांगायचीस ना?"

"बायका जात नाहीत आणि पुरुष शिल्लक नाहीत. मग काय, त्यांनी रिक्षा करून यावं?" आई म्हणाली. "मला पुढचं वर्ष दिसेल की नाही, कोणी सांगितलंय! एकदा त्यांना जेवू घालते, मग मर म्हणालीस तर मरेन."

हे ती मुद्दाम म्हणायची. मला लागायचं तेही मुद्दामच.

"आणि ऐक. येताना मागे बघायचं नाही. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. वाटेत ज्याच्याशी बोलशील, तो बरोबर येतो."

मी गेले. फोन खिशात, हेडफोन कानात. ड्यूटी चालूच होती.

धुकं इतकं दाट होतं की समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. वाळूत उदबत्त्या लावल्या. माझं मलाच हसू आलं, आणि मग एकदम रडू आलं.

"बाबा," मी म्हणाले, "घरी चला. आई वाट बघतेय."

मी वळले. तोंड घट्ट मिटून चालायला लागले.

इमारतीचं फाटक आलं आणि... कानात घंटी वाजली.

सवय वाईट असते. डोकं काही म्हणायच्या आत तोंड बोलून मोकळं झालं.

"नववर्षाच्या शुभेच्छा! आपलं स्वागत आहे. मी आपल्यासाठी काय करू शकते?"

पलीकडून उत्तर आलं नाही.

फक्त पाणी... हळूहळू हलणारं, खोल पाणी.

आणि पाठ केलेलं पुढचं वाक्यही माझ्या तोंडून गेलं.

"कृपया लाईनवर राहा. जाऊ नका."

जीभ चावली, पण आता काय उपयोग? मागे बघायचा धीर झाला नाही. लिफ्टमध्ये शिरले आणि बटण दाबलं. दार बंद होईना. अर्ध्यापर्यंत यायचं आणि परत उघडायचं.

मी कोपऱ्यात सरकले...

मग दार बंद झालं.

घरात आई खुर्चीत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि उजव्या हाताने केस सारखे केले.

"आलात?" ती म्हणाली. "किती उशीर केलात हो!"

मी काठी आडवी ठेवली. दुसरं काय करणार होते? आईचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

जेवायला माशाचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या होत्या. बाबांच्या जागी एक वाडगा मांडला. तिन्ही वाडग्यांतून वाफ येत होती.

मग एकाच वाडग्यातली वाफ थांबली.

जेवण झाल्यावर मी त्या वाडग्यातली एक करंजी खाऊन बघितली. मीठ नाही, मासा नाही, काहीच चव नाही. भिजलेला कागद चावावा तसं वाटलं. मी ती गपचूप टाकून दिली.

फोन अजून चालू होता. पाण्याचा आवाज येतच होता. मी ऑफिसला मेसेज केला की माझी लाईन एका ग्राहकाने अडवून ठेवलीय.

उत्तर आलं, "कुठली लाईन? इथे तुझ्या नावावर एकही फोन दिसत नाही. थकलीयस, जा, सुट्टी घे."

माझ्या फोनवर तर वेळ पुढे सरकत होती.

आता ठेवायला हरकत नव्हती. मी बोट उचललं... आणि तेवढ्यात आईने समोरचा कप उचलला.

डाव्या हाताने.

तो हात झटक्यानंतर कधी हलला नव्हता. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आईने कप तोंडाला लावला, खाली ठेवला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून नवी नवरी हसते तशी हसली.

"त्यांनी धरलाय," ती म्हणाली.

मी फोन ठेवला नाही. उलट चार्जिंगला लावला, बंद पडू नये म्हणून. हेडफोनही कानातच ठेवला. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतंत?

नववर्षाच्या पहिल्या दिवशी आई खिडकीपर्यंत आपल्या पायांनी चालत गेली. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. दुपारी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. आई बाहेरच्या खोलीत पुटपुटत होती, इथून शब्द कळत नव्हते.

पण कानात कळले...

"युनशियाला सांगू नका हं," आई म्हणत होती. "तिला नाही आवडायचं."

आवाज हेडफोनमधून येत होता. अगदी जवळून, कोणी आईच्या ओठांशी कान नेऊन बसावं तितक्या जवळून. मग कानात खुर्ची सरकली. आणि त्यानंतर, क्षणभराने, बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली.

माझ्या हातातला वाडगा निसटून फुटला.

मी धावत बाहेर आले. आईचा हात हातात घेतला, तो डावा. बर्फासारखा गार होता. बोटं पांढरी पडली होती, दिवसभर धुणं धुतल्यावर होतात तशी सुरकुतलेली. बाही ओली होती.

"आई, काय सांगायचं नाही मला?"

"काही नाही गं. त्यांना थंडी वाजते. मी जरा जवळ बसते, एवढंच."

त्यानंतर ती जेवली नाही. नुसतं पाणी मागायची. हीटर पूर्ण चालू, तीन रजया अंगावर, तरी ओठ निळे. आईच्या फोनवरून दवाखान्यात फोन केला, तर सुट्टीमुळे डॉक्टर नाहीत आणि धुक्यात गाडी निघणार नाही. मी तिचे पाय चोळत बसले. चोळून चोळून माझे हात सोलले, पण पाय काही गरम होईनात.

दुसऱ्या दिवशी मी जियांग मावशींना बोलावून आणलं. त्या दारातच थबकल्या आणि काठीकडे बघत राहिल्या.

"कोणाला आणलंयस गं?"

"बाबांना."

"बाबांनाच ना? वाटेत कोणाशी बोलली नाहीस ना?"

मी सगळं सांगितलं. मावशींनी कपाळावर हात मारला.

"अगं बये! समुद्रावरून येताना 'स्वागत आहे' म्हणालीस? आणि वर 'जाऊ नका'? तिथे काय तुझा एकटीचा बाप बुडालाय?"

"पण आई ओळखते त्यांना!"

"तुझ्या आईला इतक्या वर्षांनी नवरा हवाय. ती खांबालाही ओळखेल." मग त्यांचा आवाज खाली आला. "आजची संध्याकाळ आहे. वाटेला लाव. आज नाही गेला तर तो आपल्या पायांनी जाणार नाही, आणि एकटाही जाणार नाही."

सूर्य बुडता बुडता मी काठी उचलली. मावशींना आईजवळ बसवून, उदबत्त्या घेऊन रस्त्यापर्यंत गेले. बाबांचं पूर्ण नाव घेतलं, "त्सोंग देशंग, सावकाश जा." रीत होती तशी पार पाडली. लिफ्टचं दार या वेळी मुकाट्याने बंद झालं. मला वाटलं, सुटलो.

मग कानात आईचा आवाज आला...

"नाही हो, ती तुम्हाला नाही घालवणार. लाईन अजून चालू आहे ना?"

लिफ्ट वर जाईपर्यंत मी काय काय नवस बोलले, मला आठवत नाही.

आई खुर्चीत वाकली होती. डावा हात शेजारच्या खुर्चीकडे ताणलेला, कोणीतरी हळूहळू ओढत असावं तसा. खुर्चीखाली पाणी साचलं होतं. मावशी तिला कमरेला धरून मागे खेचत होत्या.

"युनशिया! लवकर काय ते कर! मला आवरत नाहीये!"

मी फोन काढला. लाल बटणावर बोट ठेवलं.

"ठेवू नकोस!" आई किंचाळली. "युनशिया, तुझ्या पाया पडते. ते आता बोलणार आहेत!"

कानातलं पाणी थांबलं.

आणि मग...

"खेकडी."

माझं बोट बटणावरच थांबलं.

लहानपणी बोटीवर मी तोल सांभाळत आडवी चालायचे. तिथे बाबा मला त्या नावाने हाक मारायचे. फक्त तिथे. मुलीला असलं नाव आईला चाललं नसतं, म्हणून ते आमच्या दोघांत होतं. बाबांनंतर ते नाव कोणी घेतलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही.

"खेकडी, ठेवू नकोस गं. थंडी वाजते."

आवाज बाबांचा होता का? मला बाबांचा आवाज आठवतच नाही. तो आठवावा म्हणून मी इतकी वर्षं किती रडले असेन, आणि त्या क्षणी मला तो ओळखता येईना.

मी आईकडे बघितलं. तिचे डोळे पांढरे व्हायला लागले होते.

मी बटण दाबलं.

आईचा हात धप्पकन मांडीवर पडला. तो परत कधी हलला नाही. थोड्या वेळाने तिच्या ओठांवर रंग आला. मावशी जमिनीवरचं पाणी पुसत राहिल्या आणि मी आईच्या छातीला कान लावून बसले. श्वास चालू होता.

आता आम्ही तिथे राहत नाही. समुद्रापासून दूर आलो. मी फोन घेत नाही, लिहून उत्तरं द्यायचं काम करते. आई जेवते, कुरकुर करते, मला टोमणे मारते. मला एवढंच हवं होतं. पुन्हा ती वेळ आली तरी मी तेच बटण दाबेन, हे मी स्वतःला रोज सांगते.

ते कोण होतं, मला माहीत नाही. बाबांकडून ते नाव दुसऱ्या कोणाला तिथे खाली कळलं असेल का, तेही माहीत नाही.

पण अधूनमधून, मी आईचे केस विंचरत असते तेव्हा, ती एकदम विचारते,

"त्या दिवशी ते तुझ्याशी काय बोलले गं?"

मी सांगते, "काही नाही, आई. नुसतं पाणी होतं."