मनोरा कुणी बांधला

"पार्सल असं चालणार नाही," प्राची मान वर न करताच म्हणाली. "मांजरपाटात शिवून आणा, जोडावर लाख लावा, मग घेते."

"शिवायची काय गरज? गाठ मारलीय की. सुटायची न्हाई."

दौंडच्या टपाल कचेरीच्या खिडकीवर असे हुज्जत घालणारे रोज दहा येतात. पण या आवाजात हुज्जत नव्हती, भाबडा अभिमान होता. म्हणून तिनं वर पाहिलं. खाकी सदरा, गळ्यात स्काउटचा स्कार्फ, बोटांना वंगणाचे काळे डाग... आणि डोळे मात्र शाळेतल्या पोरासारखे.

"सुटली तर?"

"तर शिवून आणतो. आन् न्हाई सुटली तर —"

"तर?"

"...तर न्हाई सुटली," तो पुटपुटला.

प्राचीनं दोरीचं एक टोक धरलं आणि उलट दिशेला खस्सकन ओढलं. गाठ सरळ झाली, पुडकं उघडं पडलं. रांगेतले एक म्हातारबुवा खो खो हसले.

"कुठं शिकला हे?" तो चकितच झाला होता.

"कवठे येमाईला. शेतकऱ्याच्या पोरीला गाठी शिकवाव्या लागत नाहीत."

तो पुडकं गोळा करू लागला, निघालाही, आणि मग परत वळून, सगळ्या रांगेदेखत म्हणाला, "बाई, रविवारी सकाळी तुम्ही काय करता?"

झालं! रांगेला खोकल्याची उबळ आली. प्राचीचे कान तापले. त्याला आपण काय बोललो ते उमगलं तशी बिचाऱ्याची पार गाळण उडाली. "तसं न्हाई हो! म्हंजी — आमचं पथक हाय स्काउटचं. वीस पोरी हायत गाइडच्या, आन् शिकवायला बाई न्हाई. पगार न्हाई, बरं का. चहा हाय."

ही १९९८ सालची गोष्ट. त्याचं नाव मल्हारी. रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. पथकाचा स्काउट मास्टर म्हणून आठ वर्षं पदरमोड करून राबत होता. नदीकडेचं मैदान आणि एक पत्र्याची खोली दिली होती शंकररावांनी. ते रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, पथकाचे अध्यक्ष. सगळे त्यांना आप्पा म्हणत आणि थोडं घाबरतही.

प्राची गेली रविवारी. एकदाच बघून येऊ म्हणून गेली. अशी एकदाच गेलेली माणसं कुठं अडकतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

महिन्याभरात तिच्या वचनाचा दिवस आला. गाइड कॅप्टन व्हायचं तर झेंड्यासमोर उभं राहून वचन घ्यावं लागतं. ईश्वर आणि देश यांच्यासाठीचं कर्तव्य करीन, असं ते वचन. प्राचीनं तीन बोटं वर केली, आवाज स्थिर ठेवला, आणि ईश्वर शब्दाच्या जागी 'धर्म' म्हणाली. तिच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. जे मानत नाही त्याची शपथ ती कशी घेणार?

"शब्द चुकला, बाई," आप्पा म्हणाले. मागं कुणीतरी घसा खाकरला. त्या खाकरण्याचा अर्थ तिला लहानपणापासून पाठ होता.

"चुकला न्हाई, आप्पा." मल्हारी शांतपणे पुढं आला. "दोन्ही शब्द चालत्यात. नियमांच्या पुस्तकात हाय. ज्याला जो पटंल त्यानं तो घ्यावा." आणि त्यानं तिच्यापुढं डावा हात केला. स्काउटची रीतच तशी, हस्तांदोलन डाव्या हातानं. तिनं गोंधळून उजवा दिला, मग डावा, मग दोघंही हसली. तिचा हात त्याच्या हातात जरा जास्तच वेळ राहिला... आणि त्या दिवसापासून रविवार सोमवारीच आठवू लागला.

पुढं काय, तो शेतातले पेरू आणायचा, 'पोरींसाठी' म्हणून. ते बरोबर एकवीस निघायचे.

"हा एक जास्तीचा कुणाचा?" ती विचारायची.

"असंल कुणाचा तरी."

"कुणाचा?"

"खावा की बाई! पेरूला काय नाव लिहिलेलं असतंय व्हय?"

एवढंच. याच्यापुढं दोघंही जात नव्हती. तो धनगराचा, ती बौद्ध आळीतली. एवढ्यावरून घरं तुटलेली दोघांनीही पाहिली होती. मनातलं ओठावर आलं की दोघंही पोरांना शिट्टी मारायची.

जानेवारीत मैदानावर तीन दिवसांचं शिबिर लागलं. शेवटच्या दिवशी पालक येणार, म्हणून प्राचीच्या मुलींनी टेहळणीचा मनोरा बांधायचा ठरवलं. बांबूचा, दोन पुरुष उंच. सकाळी कडाक्याची थंडी, घायपाताचे खरखरीत दोर, अन् तासाभरात मुलींच्या तळव्यांना फोड आले. प्राचीला ते बघवेना. तिनं सगळे दोर नदीत बुचकळून काढले. घरी कडब्याच्या पेंढ्या बांधायचे आळे, म्हणजे बंद, भिजवूनच घेतात, मऊ पडतात, तुटत नाहीत. तिच्या आबांनी, भिमाजींनी, जन्मभर तेच केलं होतं. मल्हारी तेव्हा गावात पातेली आणायला गेला होता. दोर कोरडाच बांधायचा, हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. त्याला ते इतकं साधं वाटायचं की सांगायचं सुचलंच नव्हतं.

ओला दोर फुगलेला असतो. दुपारच्या उन्हात तो वाळला, बारीक झाला, आणि एकेक बांधणी आतून सैल पडली. चढण्याआधी प्रत्येक बांधणी हातानं ओढून बघायची असा नियम. प्राचीनं ती सकाळीच बघितली होती. चार वाजता पालकांना चहा देण्याच्या गडबडीत तिनं मान हलवली, "चढा."

मोनाली वर पोचली. तेरा वर्षांची, आप्पांची सख्खी नात. तिनं आजोबांना हात केला, आणि मनोरा एका अंगाला बसत गेला, सावकाश, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

पोरीचा हात कोपराखाली मोडला. प्राची तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिच्या कानात काहीतरी बोलत होती. काय ते तिला पुढं कधीच आठवलं नाही. आप्पा गर्दीतून पुढं आले.

"कुणी बांधला हा मनोरा? कुणी तपासला?"

"मी," मल्हारी म्हणाला.

प्राचीनं मान वर केली. तो तिच्याकडं बघत नव्हता. बोलायचं होतं तर ते तेव्हाच. पण जीप आली, मोनालीला उचललं, धूळ उडाली... आणि प्राची गप्प राहिली.

बुधवारी तो खिडकीवर आला. रांग नव्हती.

"प्लास्टर घातलंय. दीड महिन्यात हात पहिल्यासारखा व्हईल म्हणालेत डॉक्टर."

"मी जाऊन आले," प्राची म्हणाली. "ती मला म्हणाली, बाई, तुम्ही रडू नका. पण मल्हारीराव, तुम्ही खोटं का बोललात?"

"तुम्ही हळू बोला जरा."

"का बोललात?"

त्यानं खिडकीच्या लाकडावर बोट फिरवलं. "माझं नाव निघालं तर मल्हारीची चूक झाली म्हणतील. तुमचं नाव निघालं असतं तर ते तुमच्यापाशी थांबलं नसतं. आळीचं नाव झालं असतं. उद्या तुमच्याकडच्या पोरीला पथकात घ्यायला लोकांनी दहादा विचार केला असता. ठाऊक हाय की तुम्हाला."

ठाऊक होतं. म्हणूनच तर ती पेटली. "म्हंजी मला चूक करायचाबी हक्क न्हाई व्हय?" रागावली की ती गावच्या बोलीत शिरायची. "मोठं काम केलं तर बघा हिची हुशारी, आन् चुकलं तर पदराआड लपवा! माझी चूक माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या, मल्हारीराव."

"रविवारी पालकांची बैठक हाय. मी स्कार्फ उतरवतो. विषय संपला."

"आठ वर्षं घातलीत तुम्ही यात."

"तुम्ही हायसा की," तो हळूच म्हणाला आणि निघून गेला.

खरं सांगू? त्या मैदानावर तो 'मी' म्हणाला तेव्हा प्राचीला पहिल्यांदा बरंच वाटलं होतं. सुटले, असं वाटलं होतं. तेच आता तिला घास गिळू देत नव्हतं. माणूस चांगला असला की त्याचं खोटंही चांगलंच दिसतं, अन् तिथंच घात होतो. बोलावं तर तो भर बैठकीत खोटारडा ठरणार. गप्प बसावं तर जे त्याच्या जिवापलीकडचं, ते तो तिच्यापायी गमावणार. इकडं आड, तिकडं विहीर. शनिवारी तिनं कवठ्याला फोन लावून आबांना सगळं सांगितलं. भिमाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "पोरी, तू झेंड्यापुढं काय म्हणालीस ते मला नीट ठाव न्हाई. पन म्हणालीस ना? मग झालं तर."

रविवारी मैदान भरलं होतं. मुलं गणवेशात, पालक सतरंजीवर, आप्पा खुर्चीत, शेजारी गळ्यात हात बांधलेली मोनाली. मल्हारी उठला, स्कार्फला हात घातला.

"थांबा," प्राची म्हणाली.

ती मुलींच्या रांगेतून पुढं आली. "मनोरा मी बांधून घेतला. दोर मी भिजवले. बांधणी पुन्हा तपासायची ती मी तपासली नाही. सरांनी सांगितलं ते खोटं आहे, आणि मी आठ दिवस गप्प बसले ते त्याहून वाईट."

"तरीच!" मागून कुणीतरी म्हणालं. "असल्यांच्या हातात पोरं दिली की —"

"आम्हाला माहीत होतं."

हे मोनाली बोलली होती. सगळे तिच्याकडं वळले. "बाईंनीच दोर भिजवले. आमच्या हाताला फोड आले होते म्हणून. आम्ही वीसजणींनी बघितलंय. सर तिथं नव्हतेच." तिनं मल्हारीकडं पाहिलं. रागानं नव्हे, नुसतं पाहिलं. "सर, तुम्ही खोटं बोललात तेव्हा आम्हाला कळतच नव्हतं काय करायचं. पहिला नियम तुम्हीच शिकवलाय ना? स्काउट विश्वासू असतो."

मल्हारीचा चेहरा पडला. मनोरा कोसळतानाही तो एवढा कोसळला नव्हता. आठ दिवस वीस पोरी त्याचं खोटं सांभाळत बसल्या होत्या, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

आप्पा खुर्चीतून उठले. मग आधी मागच्या माणसाकडं वळले. "असल्यांच्या म्हणजे कसल्यांच्या, खंडू? पुन्हा हे ऐकलं तर मैदानात पाय ठेवायचा नाही." मग प्राचीकडं. "बाई, चूक मोठी झाली. पण ती तुम्ही भर सभेत अंगावर घेतली. पोरी तुमच्याकडंच राहतील. दोर मात्र आता कोरडे बांधा." आणि शेवटी मल्हारीकडं. त्यांचा आवाज उतरला. "मल्हारी, तुला मी पोरासारखा मानतो. पण तू पोरांसमोर खोटं बोललास. कशापायी ते मला कळतं, मी काही आंधळा नाही. तरीपण स्कार्फ उतरून ठेव. वर्षभर."

त्यानं स्कार्फ काढला, घडी केली, टेबलावर ठेवला. प्राची त्या घडीकडं बघत होती. तिचं सगळं राहिलं होतं, आणि त्याचं गेलं होतं. तिच्या खरं बोलण्यानं गेलं होतं.

माणसं पांगली. तो नळावर तोंड धूत होता. ती जवळ जाऊन उभी राहिली.

"रागावलात?"

"तुमच्यावर? न्हाई." त्यानं ओल्या हातानं गळा चाचपला, मोकळा होता. "लाज वाटतीया. पोरींची."

"मला वाचवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी न्हाई. पण... तुमच्याकडं कुणी बोट केलेलं मला बघवत न्हाई. लई दिवस झालं. त्या पार्सलापासनंच." तो थांबला, धीर गोळा करत. "तुमच्यावर जीव हाय माझा, प्राची. ह्ये मातुर खोटं न्हाई."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते पुसलंही नाही. "माझाही आहे. म्हणूनच आज बोलले. तुम्ही माझ्यापुढं उभे राहिलात की मला काही दिसत नाही हो. शेजारी उभे राहा."

त्यानं सदऱ्याला हात पुसले. मग तो म्हणाला, "पुढच्या रविवारी पोरांनाबी तुम्हीच घ्या. अन् मी येत जाईन. पालकांच्या रांगंत बसायला तर कुणाची बंदी न्हाई."

"पालक व्हायला आधी लग्न करावं लागतं, मल्हारीराव."

तो बघतच राहिला. नळ तसाच वाहत होता, तो तिनंच बंद केला.

"...करायचं?" त्यानं विचारलं. "आईला मी परवाच सांगितलं. दोन दिवस बोलली न्हाई. आज सकाळी म्हणाली, भाकरी येती का तिला?"

"येते म्हणावं. आणि तुम्हाला?"

"शिबिरात शंभराची करतो की!"

ती हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा. मग पुन्हा गंभीर झाली. कवठ्याला आबांपुढं बसायचं होतं, त्याच्या आईपुढं बसायचं होतं, आणि खंडूसारखी माणसं दोन्हीकडं होती. सोपं काहीच नव्हतं, आणि तिला सगळं दिसत होतं.

"उद्या रजा टाका," ती म्हणाली. "आबांकडं जाऊ. पण तिथं माझ्या वतीनं एक शब्द बोलायचा नाही. माझं मी सांगेन."

"मग मी काय करायचं?"

"तुमचं तुम्ही सांगायचं."