नकाशावर उगवलेलं बेट

तुमचा विश्वास बसो न बसो, नेरिडा पास्को खोटं बोलणारी बाई नाही. चौदा वर्षं मी तिचा शेजारी आहे.

टास्मानियाचं पठार. गॅलन तळं. मागच्या मार्चमधला शनिवार, सकाळचे साडेनऊ.

रात्र नव्हती. धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं.

चार वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ क्लेम याच तळ्यात बुडाला. पाणी फार खोल, पाणबुड्यांनी हात टेकले. घरच्यांनी चर्चमध्ये प्रार्थना ठेवली. ही गेलीच नाही.

"तो हाती लागल्याशिवाय मी त्याला निरोप देणार नाही," एवढंच म्हणाली.

त्या सकाळी तिने होडीतल्या जीपीएसमध्ये नवा नकाशा भरून घेतला. इथले शिकारी आणि गळ टाकणारे सगळे वापरतात, तोच. धक्क्यावर होड्या भाड्याने देणाऱ्या मर्वला तिने पडदा दाखवला.

तळ्याच्या मधोमध... एक बेट.

मर्वने समोर पाहिलं. नुसतं पाणी.

"क्लेम गेला ती जागा आहे ही," तो हळूच म्हणाला. "आज नको जाऊस, नेरिडा."

"का? बेट चावतं का?"

ती गेली. एकटीच.

पडद्यावर होडी बेटाला लागली, तसं तिने इंजिन बंद केलं. खोलीचा आकडा होता अडतीस मीटर.

तिने गळ टाकला.

आकडा हलला. एकोणतीस... अकरा... चार...

वारा पडला. बदकं गप्प झाली.

दीड...

तिने वल्हं उभं पाण्यात घातलं. हात खांद्यापर्यंत भिजला. खाली काहीच लागलं नाही.

आणि होडीच्या बुडावर... टक. टक. टक.

 भीतीपेक्षा राग जास्त आला, हे तिनेच मला सांगितलं.

"क्लेम, तू असशील तर वर ये," ती पाण्याकडे बघून म्हणाली. "चार वर्षं वाट बघतेय. आणि दुसरा कोणी असशील, तर ठोकणं बंद कर. मासे पळतायत."

टकटक थांबली.

आकडा... शून्य.

होडीची मागची बाजू हळूच खाली दबली. कोणी जड माणूस बसावा तशी.

ती वळली. बाक रिकामा. कोरडा ठणठणीत.

"बस मग," ती म्हणाली आणि इंजिन सुरू केलं. "घरी जाऊ."

धक्का तीनशे मीटरवर राहिला आणि होडी एकदम सरळ झाली. हलकी.

काठावर मर्वने दोर धरला. "मागून एवढी कशाने दबली होती गं?"

तिने इंजिन बंद केलं आणि धक्क्यावर उतरली.

नकाशावाल्या कंपनीने कळवलं, आमच्या नकाशात तिथे बेट नाही. माझ्याही यंत्रात तोच नकाशा आहे. बेट नाही.

तिच्या पडद्यावर आहे. पण आता मधोमध नाही. होडी हलकी झाली, तिथे होतं आधी. पुढच्या शनिवारी धक्क्यापासून दोनशे साठ मीटर. मग दोनशे दहा.

"काढून टाक तो नकाशा," मी म्हणालो.

"का म्हणून? येऊ दे."

"आणि तो क्लेम नसला तर?"

"तर त्याला विचारीन, माझा भाऊ कुठे ठेवलायस."

आमची घरं धक्क्याला लागूनच आहेत. दर शनिवारी ती परतली की मी तिला आकडा विचारतो. गेल्या शनिवारी तो वीस मीटर होता.

या शनिवारी... मी विचारलाच नाही.