देवबाभळीचा अर्क

सुलाला त्या दिवशी पडसं झालं नसतं, तर ही गोष्ट एका भेटीतच संपली असती.

चौसष्ट सालचा मार्गशीर्ष. सांगलीत कृष्णेच्या काठाला संस्थानच्या वेळची अर्काची एक जुनी भट्टी होती. काळ्या दगडाची, धुरानं आतून मऊ झाल्यासारखी. चौथीच्या मुलींची रांग घेऊन सुला तिथं सहलीला आली. जतकडच्या मेंढपाळाची ही लेक बावीस वर्षांची होती आणि शाळेत शिक्षिका म्हणून लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं.

आत वाफ दाटली होती. वाफेतून आधी दोन हात दिसले, तांब्याच्या हंड्याच्या झाकणाभोवती ओली कणीक थापणारे. मग हसरा चेहरा दिसला.

"या बाई. भिऊ नका, दारू न्हाई निघत हितं. बंदीवालं सायेब म्हैन्याला येत्यात, हुंगत्यात, रुमालावर गुलाबपाणी घेत्यात आन् जात्यात."

मुली खिदळल्या. सुलानं हसू दाबलं. "आणि एवढी कणीक कुणाच्या जेवणाला?"

"हंड्याच्या. तोंड लिंपलं न्हाई तर सगळा वास पळून जातोय. माणसागत हाय बघा, तोंड बंद असलं की आतलं टिकतंय."

"आणि फारच बंद ठेवलं तर?"

त्यानं वर पाहिलं. "तर फुटतंय."

त्याचं नाव जालिंदर. भट्टीचे मालक आण्णा जाड भिंगांचा चष्मा लावून ओट्यावर बसलेले असत. समुद्रापलीकडं एक बेट आहे, तिथं कडू संत्र्यांच्या सालींची अशीच भट्टी आहे, असं ते पाहुण्यांना सांगत. "त्यांची साल दारूत जाती, आपली ईडलिंबाची शरबतात. शेवटी साल ती सालच!" मग भट्टीचा नियम सांगत. पाहुण्याच्या तळहातावर अर्काचा एक थेंब पडायचा. वास ओळखला तर बाटली भेट. नाही ओळखला तर पुढच्या शनिवारी परत यायचं.

सुलाचं नाक चोंदलेलं होतं. पण मुलींसमोर कबूल कसं करायचं? जालिंदरच्या केसांत वाळ्याची एक काडी अडकली होती. तिनं ठासून सांगितलं, "वाळा!"

"बाई, गुलाब!" सगळा वर्ग ओरडला.

जालिंदर कणकेचे हात कपाळाला लावून हसला. "परत यायला लागतंय, बाई."

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर ती गेली. पडसं गेलं होतं. थेंब पडला... केवडा, स्वच्छ केवडा! ती बोलणार, तेवढ्यात त्याचे डोळे तिच्याकडं लागलेले दिसले. उत्तराची वाट बघणारे, आणि उत्तराला घाबरणारेही.

"ईडलिंबू?" ती म्हणाली.

"चुकलं," तो फार खूश होऊन म्हणाला.

असे पाच शनिवार ती चुकली. चुकता चुकता तिनं त्याला घरचं किती सांगितलं! आबांच्या मेंढवाड्यामागं देवबाभळीचं कुंपण आहे, थंडीत त्यावर पिवळे गोंडे येतात, आई ते तिच्या वेणीत खोवायची. "तो वास तुमच्या एकाही बाटलीत नाही," ती म्हणाली होती.

पाचव्या शनिवारी मात्र ती आबांचं पत्र घेऊन आली. "पुढच्या रविवारी मला बघायला पाहुणे येणार आहेत. शनिवारी गावी जायचंय."

झाकणावर फिरणारा त्याचा हात थांबला. ती वाट बघत राहिली. वाफ सुस्कारत होती.

"बरं," तो म्हणाला. एवढंच.

तो आठवडा तिला कसा गेला, तिचं तिला माहीत. त्या शनिवारी दुपारच्या गाडीला निघताना पिशवीसकट तिची पावलं भट्टीकडं वळली. मोठा हंडा थंड होता.

"मंगळवारी गेला, कुठं ते सांगितलं न्हाई," आण्णा म्हणाले. "आज सकाळी उगवलाय, आन् आल्या आल्या धाकटा हंडा चढवलाय. आवं, माझ्याशीबी बोलंना!"

जालिंदर बाहेर आला. दोन्ही हातांवर काट्यांचे ओरखडे होते.

"हात पुढं करा, बाई."

थेंब पडला. अजून कोमट होता. सुलानं उजवा तळहात नाकाशी नेला आणि तिला आईची बोटं वेणीत फिरल्यासारखी वाटली.

"आज तरी खरं सांगा. केवडा तर शेंबड्या पोरालाबी कळतोय. तुमी ईडलिंबू म्हणाला, तवाच मी समजलो."

"मग बोलला का नाहीत?"

"कणीक लय घट्ट बसली हुती."

"फुलं... कुणाची तोडली?"

"तुमच्या आबांची. इचारून. म्हणाले, कुणासाठी? मी सांगून टाकलं."

"आणि?"

"दोन दिस लोकर कातरायला बसवलं. माझी कातर बघून मेंढरंबी हसली असतील. मग म्हणाले, 'गडी बरा हाय. पर पोर माझी शिकलेली, तिलाच इचार. ती म्हणंल तसा पाव्हण्यांस्नी सांगावा धाडतो.'" त्यानं हात पुसले. "इचारतोय, बाई."

"देवबाभूळ," सुला हळूच म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "वळखलंत. म्हंजे बाटली घिऊन... आता परत येणं न्हाई?"

"बाटली इथंच फळीवर ठेवा. आबांना सांगून सोमवारी येते." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि ते बाई बाई पुरे आता. सुला म्हणा."

"फुटलं रं एकदाचं!" ओट्यावरून आण्णा ओरडले.

गाडीत कंडक्टरनं तिकीट पुढं केलं. तिनं डावा हात पुढं केला.

"उजव्याला काय झालं, बाई?"

"काही नाही," घट्ट मिटलेली मूठ पदराखाली धरत सुला म्हणाली, "भरलेला आहे."