सात सेकंद आधी

माझ्या आयुष्यातला पुरुष मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं आणि त्यात माझे दोन्ही हात होते.

यात गैर काही नव्हतं. अमेरिकेतल्या बफेलो शहरात एका दातांच्या दवाखान्यात मी लोकांचे दात साफ करते. जानेवारीतला दिवस, सरोवरावरून हिमवादळ येणार होतं, म्हणून सकाळपासून सगळ्यांनी येणं रद्द केलेलं. आणि हा एकटा, भुवयांवर बर्फ घेऊन, वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर. कागदावर नाव – कॉन्स्टंटाईन पापाडाकिस. डोळे तपकिरी, पापण्या लांब, डाव्या दाढेवर कीटण.

खुर्चीतल्या माणसाशी मी सतत बोलते. त्याला उत्तर देता येत नाही, त्यामुळे चर्चा फार चांगल्या होतात. त्या दिवशीचा विषय होता डेव्हॉन क्रंप.

क्रंप म्हणजे बफेलो अँकर्स या आमच्या बास्केटबॉल संघाचा बचावपटू. समोरच्याला बास्केटपर्यंत पोचू न देणं हे त्याचं काम, आणि ते त्यानं इतकं मनावर घेतलंय की त्याला थांबताच येत नाही. बातमी अशी होती की तो लॉकर रूममध्येसुद्धा लाईल बॅनिंगला, म्हणजे आमच्या सर्वांत जास्त गुण करणाऱ्या खेळाडूला, त्याच्या स्वतःच्या कपाटापर्यंत पोचू देत नाही. बॅनिंग सलग तीन सामने दुसऱ्याचे मोजे घालून खेळला. संघात दोन तट पडले. मग शहरात पडले.

"मला सांगा," मी दाढ खरवडत म्हटलं, "जो आपल्या माणसाला सोडत नाही तो शत्रूला सोडेल का? पण आमच्या रेडिओवर एक गाढव आहे. लॅकवानाचा गस. म्हणतो, क्रंपला विकून टाका."

खुर्चीतला माणूस खोकला.

"दुखतंय?"

त्यानं घाईघाईनं मान हलवली. नाही.

मग मी त्याला सगळं सांगितलं. रोज दुपारी दोनला बिग वॉल्टचा कार्यक्रम लागतो, लोक फोन करून संघाची खरडपट्टी काढतात. शिव्या कापायला वेळ मिळावा म्हणून कार्यक्रम सात सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि घरातला रेडिओ चालू ठेवून फोन केला की बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज मागून येऊन टपली मारतो. म्हणून वॉल्ट प्रत्येकावर आधी खेकसतो – रेडिओ बारीक करा. दोन वर्षं मी जेवणाच्या सुट्टीत, आपल्या उपनगराचं नाव लावून, 'चीक्टोवागाची मार्ली' म्हणून फोन करत होते. गसचा फोन माझ्या पाठोपाठ यायचा. मागे कसला तरी पंखा घरघरत असायचा, आणि त्याच्यावर आवाज काढून तो ओरडायचा, "मार्लीबाई, क्रंपवरचं प्रेम तुम्ही घरी करा." त्याचा सिद्धांत असा की जिथं रोज भांडण ते घर मोडतं, एकाला काढा. माझा सिद्धांत असा की भांडणारे राहतात, गप्प बसणारे निघून जातात.

"तो गस एकदा या खुर्चीत सापडू दे," मी म्हटलं. "भूल न देता काढीन. बत्तीसच्या बत्तीस."

तपकिरी डोळे मोठे झाले. मला वाटलं, किती मनापासून ऐकतोय.

चूळ भरून झाल्यावर तो अगदी हळू, ग्रंथालयात बोलावं तसा बोलला. "तुम्ही... फार छान समजावता. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. शिकवाल?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी दाढेचं कीटण विसरून हो म्हटलं.

पहिल्या सामन्याला त्यानं विचारलं, "चेंडू एकच असतो का?" मला त्याचं केवढं कौतुक वाटलं. मध्येच पंचाच्या आधी याचा हात नियमभंगाची खूण करायला वर गेला. मी बघितलं तर म्हणाला, खांदा आखडलाय. मी खांदा दाबून दिला. तो लाल झाला... मीही झाले असेन, पण थंडी होती, कुणाला कळणार.

लॅकवानात त्याच्या घरचं छोटं हॉटेल होतं. स्वयंपाकघरात तो, गल्ल्यावर त्याची आई कॅलिओपी. मी गेले की ती माझ्यासमोर चिकन आणि लिंबाचं सूप ठेवायची आणि केकच्या कपाटावरचा रेडिओ पटकन बंद करायची. "बिघडलाय," ती मुलाकडे बघत म्हणायची.

त्या दीड महिन्यात दोन गोष्टी झाल्या. मी प्रेमात पडले. आणि रेडिओवरून गस नाहीसा झाला.

पहिल्या आठवड्यात मला विजय वाटला. दुसऱ्या आठवड्यात फोन करणारे म्हणू लागले, "मार्ली म्हणते ते बरोबर आहे." इतका अपमान माझा कधी झाला नव्हता. वॉल्टनं तीनदा जाहीर आवाहन केलं – गस, कुठं असशील तिथून फोन कर, कुणी रागावणार नाही. मी त्या घरघरत्या पंख्याची वाट बघत सँडविच हातात धरून बसायचे.

आणि इकडे कॉन्स्टंटाईन. तो माझं सगळंच मान्य करायचा. मी मुद्दाम म्हणून पाहिलं की क्रंपला प्रशिक्षक करावा. "बरोबर आहे तुझं." महापौर करावा. "बरोबर आहे तुझं." माझे आईबाप एकतीस वर्षं घरातल्या हीटरच्या आकड्यावरून भांडतायत, आणि अजून एकाच सोफ्यावर बसतात. भिंतीवर चेंडू मारला तर तो परत तरी येतो. हा माणूस गादी होता.

फेब्रुवारीतला तो गुरुवार उजाडला. खेळाडूंची देवघेव दुपारी तीनला बंद होणार होती आणि क्रंप जाणार अशी कुजबुज होती. मी अर्धी रजा टाकून अडीचला हॉटेलात गेले. क्रंपच्या आधी मला माझा निकाल लावायचा होता.

आज रेडिओ चालू होता. "बटण अडकलंय," कॅलिओपी म्हणाली, आणि स्वच्छ काउंटर पुसू लागली.

तो स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या टेबलावर माझ्यासमोर येऊन बसला. मी नजर सुपात ठेवून बोलले. म्हटलं, तू चांगला आहेस... फारच चांगला आहेस. पण माझ्याशी कुणीतरी भांडायला हवं. तो गस होता ना, तो गाढव, उद्धट – मला त्याची आठवण येते. तुझ्यासोबत असतानाही येते. म्हणून आपण थांबूया.

तो खुर्ची सरकवून उठला. मग म्हणाला, "सूप बघून येतो."

सूप माझ्यासमोर होतं.

दार झुलून बंद झालं. आत धूर ओढणारा पंखा घरघरू लागला. आणि त्याच्यावर आवाज काढून कुणीतरी ओरडलं, "वॉल्ट, लॅकवानाचा गस बोलतोय. हो, जिवंत आहे."

माझा चमचा हवेत राहिला. एक, दोन, तीन... सात. केकच्या कपाटावरून रेडिओ म्हणाला, "वॉल्ट, लॅकवानाचा गस बोलतोय. हो, जिवंत आहे."

एकाच माणसानं मला सात सेकंदांच्या अंतरानं दोनदा धक्का दिला होता. मी फोन काढून वॉल्टच्या कार्यक्रमाला लावला. मला लगेच जोडून दिलं.

"रेडिओ बारीक करा," वॉल्ट खेकसला.

"माझा नाहीये. त्याच्या आईचा आहे," मी म्हटलं. "काय गसराव, दात कसे आहेत?"

फोनवर भांडं आपटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बत्तीस आहेत. तू काढणार म्हणाली होतीस... म्हणून बोललो नाही."

"आणि दीड महिना 'बरोबर आहे तुझं' म्हणत होतास ते?"

"त्यातलं एकही खरं नव्हतं. क्रंप महापौर? अगं, जो माणसाला वाट देत नाही तो रस्त्यावरचा बर्फ काय काढणार?"

मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. "म्हणजे विकायचा?"

"आजच विकायचा. पण तुझा एक मुद्दा..." तो अडखळला. "गप्प बसणारे निघून जातात म्हणायचीस ना. मी गप्प बसलो, आणि निघून तू चालली होतीस. तेव्हा ऐक. माझं तुझ्यावर प्रेम आहे, मार्ली. आणि क्रंप कुचकामी आहे."

हॉटेलातल्या कुणालाच हे अजून माहीत नव्हतं. सगळे काटेचमचे हातात धरून रेडिओकडे बघत होते. तिथं तो अजून माझ्या मुद्द्यापाशी अडखळत होता. शहराच्या आधी मला सात सेकंद मिळाले होते. मी दार ढकलून आत गेले. तो उभा होता – एका हातात फोन, दुसऱ्यात डाव, चेहरा शिक्षेला उभा राहिल्यासारखा.

"माझंही आहे. आणि तू गाढव आहेस," मी म्हटलं, आणि माझा आवाज त्याच्या फोनमधूनही आला. मग आम्ही दोघांनीही बोलायला तोंड मोकळं ठेवलं नाही.

"तीन वाजले," वॉल्ट दोन्ही फोनांतून म्हणाला. "क्रंप इथंच राहतोय. तुमचं काय चाललंय?"

"घोडचूक," गस म्हणाला.

"कोण, मी?" मी विचारलं.

"क्रंप. तू मध्ये बोलू नकोस."

माझं 'माझंही आहे' रेडिओवर पोचून बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा आमचं दुसरं भांडण सुरू झालं होतं.